अनसूयाबाईंची साक्ष

घेवड्याच्या आमटीचा भुरका मारून मुकुंदराव थांबले, वाटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरी झालीये. पण अनसूयाबाईंच्या हाताची सर नाही."

शैलजाने तव्यावरची भाकरी उलटली, फुगू दिली आणि त्यांच्या ताटात वाढली. आमटी तीच होती. कोरेगावचा वाघ्या घेवडा तोच, कूट तेवढंच, आणि हात तर तोच होताच. मुकुंदराव बरे होऊन दवाखान्यातून घरी आल्यापासून हे असं चाललं होतं आणि दर वेळी तिला लाज वाटायची. नवऱ्याने दुसऱ्या बाईचं कौतुक केलं की बायकोला राग येतो, हे जगरहाटीला धरून आहे. इथे ती दुसरी बाई म्हणजे ती स्वतःच होती. स्वतःवरच जळणारी बाई अख्ख्या साताऱ्यात आपणच असू, असं तिला वाटे, आणि असलं काही बोलायचं तरी कुणाजवळ?

मुकुंदराव फरांदे पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. माणूस शिस्तीचा, हाताचा स्वच्छ, ऑफिसात शिपायालाही अहो-जाहो करणारा. घरात मात्र पस्तीस-चाळीस वर्षं ताट पुढ्यात आलं की जेवायचं आणि हात धुवायला उठायचं, एवढाच संवाद. मारझोड नाही, दारू नाही. शैलजाची आई म्हणायची, नशीब काढलंस. शैलजाही तसंच म्हणत आली. रस्त्याने जाताना ते चार पावलं पुढे चालत आणि ती मागून त्यांच्या सदऱ्याची पाठ बघत जाई. ती पाठ तिला तोंडपाठ होती.

मग त्यांना अल्झायमरने गाठलं. आधी किल्ल्या, मग बिलं, मग रस्ते, आणि शेवटी माणसं. एका सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात काठी उगारून उभे राहिले आणि ओरडले, "कोण तुम्ही? माझ्या घरात काय करताय?" अहो मी, मी शैलजा, असं ती कितीतरी दिवस सांगत आली होती, आणि दर वेळी ते जास्तच बिथरत होते. अनोळखी बाई आपली बायको असल्याचं सांगते, याला कुणीही घाबरेल. त्या सकाळी ती दमली होती. ती म्हणाली, "मी स्वयंपाकाची बाई."

काठी खाली आली. "असं होय," मुकुंदराव म्हणाले. "मग उभ्या का? बसा ना. नाव काय आपलं?"

तिच्या तोंडून निघून गेलं, "अनसूया."

ते तिचं माहेरचं नाव. लग्नात मुकुंदरावांनी अंगठीने तांदळात 'शैलजा' लिहिलं आणि अनसूया तिथेच संपली. फार जुनाट नाव आहे, ऑफिसात काय सांगू, असं ते तेव्हा म्हणाले होते. त्या नावाने हाक मारणारी माणसं एकेक करून गेली होती.

त्या दिवसापासून घरात एक निराळाच माणूस वावरू लागला. "बाई, तुम्ही जेवलात का? आधी तुम्ही घ्या." "आमटी सुरेख झालीये हो." स्वतःचं ताट स्वतः मोरीत नेऊन ठेवायचे. तिसऱ्या प्रहरी चहा केला की म्हणायचे, "एकटा कसा पिऊ? तुमचा कप आणा." आणि ऊन उतरलं की म्हणायचे, "अंधार पडायच्या आत निघा बाई, घरी वाट बघत असतील," आणि तिला फाटकापर्यंत सोडायला यायचे. पुढे नाही, बरोबरीने. मग शैलजा पिशवी घेऊन खरोखरच फाटकाबाहेर पडायची, शेजारच्या लोखंड्यांच्या घराला वळसा घालायची आणि मागच्या दाराने आपल्याच स्वयंपाकघरात शिरायची. अख्खी गल्ली हे बघत होती. सुरुवातीला तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पुढे पुढे मात्र ऊन उतरायची वेळ झाली की ती आरशात बघून केस सारखे करायला लागली.

ही खरी लाज. लोकांनी पाहिलं त्याची नव्हे, या केस सारखे करण्याची.

अल्झायमर म्हणजे म्हातारपणाचा विसराळूपणा, अशी तिची समजूत होती. डॉक्टर नाझनीन मुजावर यांनी ती पहिल्याच भेटीत काढून टाकली. मेंदूला स्वतःचे रखवालदार असतात, मायक्रोग्लिया नावाच्या पेशी. केरकचरा उचलायचा आणि जंतू शिरला तर त्याला गिळायचं, हे त्यांचं काम. या आजारात मेंदूत चिकट प्रथिनांचा कचरा साठत जातो. तो उपसता उपसता रखवालदार थकतात, चवताळतात आणि कचऱ्याबरोबर चांगल्या पेशींमधले सांधेही खाऊ लागतात. रक्तातल्या टी-पेशींना एरवी मेंदूच्या उंबऱ्याच्या आत सहसा प्रवेश नसतो. त्याही या गोंधळात आत घुसतात आणि हात धुऊन घेतात. "घर नुसतं जुनं झालेलं नसतं काकू," डॉक्टर म्हणाल्या होत्या, "घरात भांडण लागलेलं असतं."

भांडण मिटवणाऱ्या पेशीही रक्तात असतात, पण थोड्या. त्या वेचून काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना मेंदूची ओळख पटवायची, त्यांची फौज वाढवायची आणि त्याच माणसाच्या शिरेतून परत सोडायची. दवाखान्याच्या भाषेत हा शमन उपचार. सातारकर त्याला शांतीचं सलाईन म्हणत. जे सांधे खाऊन झाले ते परत येत नाहीत, पण जे नुसते दबून गेलेले असतात ते हळूहळू पुन्हा बोलू लागतात. मुकुंदरावांचे पुष्कळसे दबलेलेच निघाले. धरणांची नावं आली, कालव्यांचे उतार आले, मुलीच्या, केतकीच्या, पुण्याच्या घराचा पत्ता आला. एका सकाळी ते अंथरुणातून म्हणाले, "अगं, चहा आण." शैलजाने देवापुढे साखर ठेवली. आणि दुपारी तांदूळ धुताना तिच्या मनात आलं, हे सलाईन लागू पडलं नसतं तर?

तिने हात तसेच पाण्यात ठेवले. असं मनात आणणाऱ्या बाईला काय म्हणतात, हे तिला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

उपचार झाल्यावर काही आठवड्यांनी पडताळणी असते. डॉक्टर मुजावरांनी दोघांनाही समोर बसवलं. त्या साताऱ्यातच वाढलेल्या, बोलायला मोकळ्या, पण कामाच्या वेळी डोळ्यांत डोळे घालून बघणाऱ्या.

"काका, तुमच्या मनगटावरची पट्टी रोज रक्तातली सूज मोजते. ती काठावर आहे. मेंदूचं स्कॅनही काठावरच. भांडण मिटलंय की आत धुमसतंय, ते यावरून सांगता येत नाही. म्हणून आठवणी बघायच्या. आजाराच्या काळातल्या. सूज उतरली असेल तर त्या थोड्या असतात, पण खऱ्या असतात. आत धुमसत असेल तर मेंदू रिकाम्या जागा स्वतःच भरत सुटतो. भरपूर आठवतं, अगदी ठसठशीत आठवतं आणि खोटं असतं. तुम्ही सांगायचं आणि काकूंनी खरं-खोटं करायचं."

"खोटं निघालं तर?" मुकुंदरावांनी विचारलं.

"तर दुसरी मात्रा द्यावी लागेल. ती मी सुखासुखी देणार नाही. तरुणपणी धरणाच्या कामावर तुम्हाला क्षय झाला होता. त्याचे जंतू मेलेले नाहीत, फुप्फुसाच्या कोपऱ्यात तुमच्याच पेशींनी त्यांना कोंडून ठेवलंय. आपण मेंदूतले पहारेकरी शांत करायला जातो, पण मात्रा वाढली की फुप्फुसातलेही पेंगायला लागतात. तुमच्या वयात तो क्षय सुटला तर आवरणं कठीण आहे. पण न देऊन मेंदू पुन्हा पेटला तर तेही आहेच."

मुकुंदरावांनी सांगायला सुरुवात केली. लोखंड्यांच्या घराला निळा रंग दिला होता. शैलजा म्हणाली, खरं. केतकी बाळाला घेऊन आली आणि बाळाने त्यांचा चष्मा ओढला. तेही खरं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"आणि आमच्याकडे स्वयंपाकाला अनसूयाबाई म्हणून होत्या. काय सांगू डॉक्टर, इतकी सुसंस्कृत बाई. त्यांच्याशी बोलताना मलासुद्धा चांगलं बोलायला सुचायचं. संध्याकाळी मी त्यांना फाटकापर्यंत सोडायचो. आमच्या हिच्याशी काय बोलणार? विषय तरी हवा ना." ते सहज हसले. वाईट हेतूने बोललेलं नव्हतं ते, आणि तेच तिला जास्त लागलं.

"काय बोलायचात त्यांच्याशी?"

मुकुंदराव खुर्चीत सावरून बसले. त्यांनी शैलजाकडे चोरून पाहिलं. "ते राहू द्या. खासगी आहे."

डॉक्टर शैलजाकडे वळल्या. "काकू, कोण या अनसूयाबाई?"

आता सांगायचं एवढंच होतं. पण त्या खुर्चीवर, त्या हसण्यानंतर, तिची जीभ उचलेना. मी यांच्याकडे मोलकरीण होऊन राहिले आणि तेच दिवस माझ्या संसारातले बरे दिवस होते, हे परक्या मुलीसमोर कसं बोलायचं? आणि बोललं की अनसूयाबाईही गेल्या. त्यांच्या वाट्याला आलेलं सगळं खोटं ठरणार, नाटक ठरणार. ती म्हणाली, "आमच्याकडे स्वयंपाकाला बाई कधीच नव्हती. स्वयंपाक मीच करते."

त्यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि एवढं मोठं खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "नक्की ना काकू? काकांची सगळ्यात ठळक आठवण हीच आहे."

"नक्की."

दुसरी मात्रा पुढच्या आठवड्यात द्यायची ठरलं.

रिक्षात मुकुंदराव बाहेर बघत बसले. पोवई नाक्यावर सिग्नल लागला तेव्हा ते हळूच म्हणाले, "म्हणजे अख्खी बाई मी मनाने रचली?" त्यांचा आवाज तिने कधी ऐकला नव्हता असा लहान झाला होता. "लुगड्याचा काठसुद्धा दिसतो गं मला. हिरवा." ते लुगडं नव्हतं, तिचं रोजचं हिरव्या काठाचं सुती पातळ होतं, आणि त्या क्षणीही ते तिच्या अंगावर होतं. मुकुंदरावांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. पाहायची सवयच नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी ऑफिसात करायचे तशी चौकशी सुरू केली. गल्लीतल्या प्रत्येकाला गाठून विचारायचे, आमच्याकडे एक बाई यायची का हो कामाला? लोक चपलांकडे बघायचे, दूध उतू जातंय म्हणून आत पळायचे. कुणी नाही म्हणेना आणि कुणी हो म्हणेना. मुकुंदराव परत येऊन खुर्चीत बसत. "सगळे माझी कीव करतायत," ते म्हणाले. "वेड्याला कोण खरं सांगतंय?"

लोखंडेवहिनी मागच्या दाराने आल्या. वळसा घालून येणाऱ्या शैलजाला कितीदा त्यांनीच पाणी दिलं होतं.

"भावजी आज आमच्या पायरीवर बसून रडले," त्या म्हणाल्या. "तू सांगत का नाहीस?"

"काय सांगू? त्या बाईला दिलंत ते मला दिलं नाहीत, असं सांगू?"

"मग तसंच सांग."

"लाज वाटते हो वहिनी."

"कुणाची?"

वहिनींनी ओट्यावरचं फडकं उचलून उगीचच घडी घातली. "त्यांच्या छातीतलं ते जुनं दुखणं," त्या म्हणाल्या, "ते उठलं तर तू कुणावर रुसणार आहेस?" आणि आल्या तशा निघून गेल्या.

तिला फाटकापाशी झालेलं एक बोलणं आठवत होतं. विसरणं शक्यच नव्हतं. मुकुंदराव फाटकाची कडी काढता काढता म्हणाले होते, "तुमचे मालक नीट वागतात ना तुमच्याशी?" ती म्हणाली, हो, ठीक वागतात. मग ते बराच वेळ कडी हातात धरून उभे राहिले. "आमचं कुटुंब होतं. मी तिच्याशी नीट वागलो नाही. आणि बाई, मला कळत होतं बरं का. रोज कळत होतं. ताटावरून उठताना कळायचं, की आता एक शब्द बोलावा. पण एकदा घडी बसली की मोडवत नाही माणसाला."

तेव्हा तिला भरून आलं होतं. त्या दिवशी लोखंड्यांच्या घराला वळसा घालताना ती डोळे पुसत गेली होती. आता मात्र तेच शब्द तिला जाळत होते. कळत नव्हतं, असं असतं तर तिने केव्हाच सोडून दिलं असतं. पुरुषांना कळत नाही, असं म्हणत तर तिने संसार काढला होता. यांना कळत होतं. चांगलं वागता येत होतं. फक्त तिच्याशी वागायचं नव्हतं.

मात्रेच्या सकाळी मुकुंदराव इस्त्रीचा सदरा घालून तयार झाले. निघताना म्हणाले, "क्षय उठला तर उठला. डोकं खोटं बोलायला लागल्यावर जगून तरी काय करायचंय?" आणि चार पावलं पुढे चालू लागले. शैलजा मागून ती पाठ बघत होती. सदरा आता खांद्यांवर सैल झाला होता. आपला मान राखायला आपण या पाठीला मरणाच्या दारात नेऊन उभं करतोय, हे तिला तिथे, चालता चालता, स्वच्छ दिसलं, आणि तिला स्वतःची किळस आली.

दवाखान्यात परिचारिकेने त्यांची बाही वर केली. पेशींची पिशवी स्टँडला लावलेली होती, पातळ ताकासारखी गढूळ. डॉक्टर मुजावर नळी तपासत होत्या.

"थांबा," शैलजा म्हणाली. "अनसूयाबाई होत्या."

डॉक्टर थांबल्या. मुकुंदराव चिडले. "अगं, आता काय माझं मन राखायला बोलतेयस का? त्या दिवशी नाही म्हणालीस ना?"

"पडताळणी करायची ना डॉक्टर?" शैलजाने त्यांच्याकडे न बघता विचारलं. "हे ज्याला खासगी म्हणाले होते, ते मी सांगते. यांनी फाटकाची कडी हातात धरली होती. अनसूयाबाईंना म्हणाले, आमच्या कुटुंबाशी मी नीट वागलो नाही. मला रोज कळत होतं. ताटावरून उठताना कळायचं. पण एकदा घडी बसली की मोडवत नाही."

मुकुंदरावांच्या चेहऱ्यावरचा राग आधी गेला, मग रंग गेला. त्यांनी वर केलेली बाही दुसऱ्या हाताने खाली ओढली, आपण उघडे पडल्यासारखी.

"काका," डॉक्टरांनी हलक्या आवाजात विचारलं, "असं बोलला होतात?"

त्यांनी मान हलवली. "तिथे तिसरं कुणी नव्हतं," ते म्हणाले.

"तिसरं नव्हतंच," शैलजा म्हणाली.

डॉक्टरांनी नळी काढून ठेवली. "आणि अनसूया हे नाव?"

"माझंच. लग्नात यांनी बदललं."

"हे मला आठवलंच नाही," मुकुंदराव पुटपुटले. "इतकं सगळं परत आलं, हेच कसं नाही आलं डॉक्टर?"

डॉक्टर काही बोलायच्या आत शैलजा म्हणाली, "ते आजारात गेलेलं नाही. ते तुम्ही आधीच विसरला होतात."

पिशवी परत शीतपेटीत गेली. आठवण खरी निघाली होती, भांडण मिटलेलं होतं, दुसरी मात्रा नको होती. डॉक्टर म्हणाल्या, "मेंदू छान सावरलाय काका. आता नवीन गोष्टी शिका, वापरात ठेवा, तेवढंच औषध." मग त्यांनी शैलजाला बाजूला घेऊन विचारलं की त्या दिवशी खरं का सांगितलं नाही, आणि शैलजा मान खाली घालून म्हणाली, "चुकले." डॉक्टरांनीही ताणलं नाही.

संध्याकाळी शैलजा भाकरी थापत होती. मुकुंदराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. दुपारभर ते बाहेरच्या खोलीत बसून होते, पेपरही उघडला नव्हता. त्यांनी घसा खाकरला.

"अनसूयाबाई," ते म्हणाले, "आधी तुम्ही जेवून घ्या."

तिचे हात थांबले. शब्द तेच होते, पण ते पाठ केलेल्या कवितेसारखे, घाबरत घाबरत आले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस कानापर्यंत लाल झाला होता. तिला त्यांच्यासाठीच लाज वाटली, आणि थोडं रडूही आलं. पण ज्याची इतके दिवस वाट पाहिली ते हे नव्हतं.

"नको," ती म्हणाली. "ते त्या माणसाचं होतं. त्याचं उष्टं मला नको. तुमचं स्वतःचं काही असलं तर बघा."

मुकुंदराव चौकटीला धरून उभे राहिले. "मला येत नाही गं," शेवटी ते म्हणाले. "खरंच येत नाही."

"शिका मग," शैलजा म्हणाली. "डॉक्टर म्हणाल्यात, डोकं आता शिकण्याजोगं झालंय."

तिने पुढचा गोळा हातात घेतला. मुकुंदराव गेले नाहीत. तिथेच उभे राहून तिच्या हातांकडे बघत राहिले.